देवपूरचा तिरुपती-लाडू

सरका, भाऊ, सरका — तिघांचं बाक आहे हे, तुम्ही एकटेच ऐसपैस बसले तर एसटी तोट्यात जाईल! हां, आता कसं. नाही हो, मी पेशंट नाही — टक्कल पाहून सगळेच फसतात, मागच्या खेपेला तर सिस्टर मलाच म्हणाली, बाबा, बाही वर करा. पेशंट आत आहे, आमची दिपमाला, माझी बायको. छातीत गाठ निघाली. सहा केमो सांगितल्यात, आज पाचवी, अजून दोन तास तरी सलाईन चालेल. तुमचं कोण आहे? मंडळी? इथली पहिलीच खेप का? मग बरोबर — पहिल्या खेपेला माणूस असाच बसतो, पिशवी छातीशी धरून. ठेवा हो खाली, कोणी नेत नाही.

मी लोटन पाटील, धुळे डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर. माणूस पायरीवर चढला की ओळखायचो, ह्याला कुठलं तिकीट फाडायचं. आता तुम्ही — थांबा, सांगू नका — तुम्ही चोपड्याचे. केळीवाले. नाही? मग यावलचे. तेही नाही? बरं, राहू द्या, त्या मास्कमधून अर्धाच माणूस दिसतो. पण निघायच्या आत ओळखतो की नाही बघा, पैज!

आम्ही धुळ्याहून येतो, देवपूरहून. आता तुम्ही म्हणाल, धुळ्यात काय डॉक्टर नाहीत? आहेत की! पण धुळ्यात दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की संध्याकाळी अर्धं देवपूर आपल्या ओट्यावर. जळगावात कोण ओळखतं? कोणाला कळायला नको, म्हणून तर हा शंभर किलोमीटरचा उपद्व्याप. का म्हणजे? पोरगी, भाऊ, पोरगी — मोहिनी. साखरपुडा झालेला, वैशाखात लग्न, आणि साखरपुड्याच्या नवव्या दिवशी ही गाठ. बाईला कॅन्सर म्हटलं की लोक काय म्हणतात माहीत आहे ना? आईला झाला म्हणजे पोरीला होणार. मोडलं लग्न!

पोरीच्या सासरची माणसं, शिंदखेड्याची, चांगली आहेत हो, मुलगा समाधान तर सोनं आहे — पण त्या घरात पान हलतं ते त्याच्या चुलत्याच्या शब्दाने. सुपडू आबा म्हणतात त्यांना. मी अजून पाहिले नाहीत, फोनवर आवाज ऐकला फक्त. काय आवाज! "घराण्यात काही आजार-बिजार?" — नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न हा. तेव्हा काही नव्हतं, मी छाती ठोकून सांगितलं, ठणठणीत! आणि साखरपुड्याला आबाही नाहीत, आबांची बायकोही नाही. म्हणे, सुरतला लेकीच्या बाळंतपणाला गेले. आता बाळंतपणाला बाई जाईल, हा गडी तिथे काय करतो? काढा उकळतो? मला तर वाटतं मानपानावरून रुसला असेल म्हातारा. काय झालं? गरम होतंय? मग मास्क खाली घ्या ना, वर काय ओढता!

तर ऐका, खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या केमोच्या आधीच हिचे केस गेले. आता हे कसं झाकायचं? पदर घेईल, पण शेजारच्या बायांचे डोळे म्हणजे एक्स-रे. मी म्हणालो, दिपमाला, आपण तिरुपतीला गेलो होतो. ती म्हणे, कधी? मी म्हणालो, आताच! नवस होता, केस देऊन आलो, जोडीने. म्हणून हे माझंही टक्कल. तिचे उरलेसुरले मीच काढले, आणि माझे तिने. कात्री धरली, पण केसांना लावायची सोडून फणीच पुसत बसलो — एकतीस वर्षं चालत्या गाडीत तिकिटं फाडली, कधी असा अडलो नाही. तर हीच म्हणते, "काय कंडक्टर, डबल बेल द्या की!" मग मी जिभेने वाजवली — टण टण — आणि चालवली कात्री. माझं डोकं पाहून म्हणते कशी, उकडलेला बटाटा!

पण देवळात जाऊन आलो म्हटल्यावर लोक काय मागतात? प्रसाद! हे काही माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. सकाळी सकाळी गल्लीतल्या चार बाया वाट्या घेऊन दारात. पळालो छगन हलवायाकडे. म्हणालो, बुंदीचे लाडू वळ, मोठे, काजू घाल, आणि चिमूटभर खायचा कापूर. तो म्हणे, नाना, लाडू करायचाय की आरती? तेवढं करून तीस घरी वाटले. समोरच्या यशोदाबाईंच्या पोराला त्याच आठवड्यात नोकरी लागली — आता ती बाई येताजाता दिपमालाच्या पाया पडते! बरं, केस काही येईनात. लोक विचारतात, महिना झाला, अजून कसे नाहीत? मग काय करता — परत गेलो तिरुपतीला! असं आमचं चार महिन्यांत तीनदा जाणं झालं. आमच्या व्याह्यांना तर इतका आनंद, की फोन आला: घराणं देवभोळं आहे, लग्न झालं की सगळे जाऊ, तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला वाट पाठ आहे. अहो, मी आयुष्यात सोलापूरच्या पुढे गेलेलो नाही!

फक्त माझी माय फसली नाही. ब्याऐंशी वर्षांची आहे, एक घास खाल्ला आणि म्हणे, "लोटन, हाऊ लाडू छगनना शे." मला घाम फुटला. तर वर म्हणते, "मी तुनी माय शे. बठ्ठास्ले वाटी दे, कोनी इचारं तं मी सांगसू, तिरुपतीना शे." म्हणजे सगळ्यांना वाटून टाक, साक्षीला मी आहे! तेव्हापासून सुनेला अंघोळ घालते, पेज भरवते, आणि दारात आलेल्या बाईला तिरुपतीची गर्दी वर्णन करून सांगते — माझ्यापेक्षा झकास!

हसा, हसा. मीही हसतो. पण एक सांगू का, भाऊ — तुम्ही परके, म्हणून सांगतो. लाज वाटते मला. मोहिनी म्हणते, बाबा, मी समाधानला सांगून टाकते, ठेवायचं तर ठेवतील. मी तिच्यावर ओरडलो. आणि आत दिपमालाने ते ऐकलं. नंतर मला म्हणे, "अहो, मी लग्नात पुढे बसू ना? की पाहुण्यांना दिसणार नाही अशी बसू?" आजार झाकता झाकता बायकोलाच झाकून ठेवलं की मी. आणि भीती वाटते हो, फार भीती वाटते — लग्न मोडेल ह्याची नाही, ती तारखेपर्यंत… जाऊ द्या. पाचवी आहे आज. एकच राहिली.

तुमचे डोळे का भरले? अहो, रडू नका, तुमच्या मंडळींचं होईल नीट, आता औषधं चांगली आहेत. ऐका, सिस्टर बाहेर आली, कोणाचा तरी पुकारा होतोय. काय म्हणाली? सुनंदाबाई… सुपडू पाटील… शिंदखेडा. नातेवाईक कोण आहे?

तुम्ही का उठले?

भाऊ, मास्क काढा जरा. नाही — राहू द्या, नका काढू. समाधानचं नाक आहे, वरूनही दिसतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिकीट चुकलं माझं. आबा… तुम्ही तर सुरतला होते ना? म्हणजे बाळंतपण नव्हतंच, काकूंचं हे तेव्हापासूनचं!

काही बोलू नका. मीही नाही बोलत. दोघांनाही जळगावच सापडलं का हो लपायला!

थांबा, आबा, एक मिनिट. हा डबा धरा. लाडू आहे. काकूंना चव लागणार नाही, दिपमालाला पण लागत नाही, तरी तिच्या हातावर ठेवा. कुठला विचारलं तर तिरुपतीचा सांगा. आणि वैशाखात लग्नाला काकूंना घेऊन या. पुढच्या रांगेत, आमच्या हिच्या शेजारी बसवा. कोणी केसांचं विचारलंच, तर सांगू — आमच्यासोबतच आल्या होत्या दर्शनाला.

जा आता, सिस्टर थांबलीये. टण टण.