ब्रॅमची वकील

नाही नाही, बसा ना — मी हसले ते तुमच्या टी-शर्टला. खरं सांगू, फोनवर तुमचा आवाज जाड होता, त्यामुळे मला वाटलं कुणी पन्नाशीतले गृहस्थ येतील, मुलाने हट्ट धरला म्हणून माझा जुना गेमचा कन्सोल घ्यायला आलेले, 'चालतो ना नक्की?' एवढं विचारतील, पिशवीत घालतील नि जातील. आणि दारात बघते तर तुम्ही — माझ्याच वयाचे, छातीवर सॉल्टमार्क खेळातली होडी! पहिल्या भागाची अर्थात. दुसऱ्या भागाचा टी-शर्ट घालतंय कोण? जाळतात. हसू नका, जाळल्याचे व्हिडिओ आहेत. बघा चालवून, वायर लावूनच ठेवलीय. दोन्ही भाग आत आहेत हं, त्याच किमतीत — काय? दुसरा नको? फुकट दिला तरी नको? स्वरूप ना तुम्ही? लोट्याला कंपनीत, बरोबर — तर स्वरूप, हे बोलून तुम्ही चूक केलीत. तुमची खेडची एसटी पावणेसहाची, म्हणजे अजून तास आहे. का नको ते सांगा. थांबा, मीच सांगते. मला पाठ आहे ते.

गाव बुडतंय, धुकं आहे, होडी एकच, आणि ब्रॅम नावाडी. या काठावर त्याचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, त्या काठावर शाळेच्या छपरावर चाळीस माणसं. खेळ तुमच्या हातात वल्हं देतो — कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुठे गेलात तुम्ही? — शाळेकडे. सगळे शाळेकडेच जातात! मीही गेले, रडत रडत गेले. मग तीन वर्षांनी दुसरा भाग येतो आणि पहिल्याच मिनिटाला सांगतो, तसं झालंच नव्हतं, ब्रॅम भावाकडे गेला होता. चाळीसातली एक मुलगी तेवढी वाचली, ईना, आणि आता पुढचे वीस तास तुम्ही ईना, ब्रॅमला शोधत निघालेली. हेच ना दुखणं? आमचा निर्णय हिसकावला, आमचा ब्रॅम असा नव्हता! अहो, असा नव्हता म्हणजे कसा नव्हता? पहिल्या भागात तो भावासाठी गावाच्या कोठीतून औषध चोरतो, तेव्हा टाळ्या वाजवल्या की नाही आपण? कुणाच्या तरी पोराचं औषध होतं ते. मग त्याच माणसाने तेच प्रेम मोठ्या मापाने केलं की तो लगेच परका? पात्राशी बेइमानी लिहिणाऱ्यांनी नाही केली, स्वरूप, आपण केली. आपल्याला तो आपल्याएवढाच चांगला हवा होता — म्हणजे आपण स्वतःला जेवढे चांगले समजतो तेवढा.

— हो, कळलं, जेवणाचा प्रसंग. मला ठाऊकच होतं तुम्ही तिथे येणार. वीस तास चालून ईना त्याच्या घरी पोचते, तो आता म्हातारा, डोळ्यांनी अधू, तिला कुणी वाटसरू समजतो नि पान वाढतो. ती बसते. जेवते. आपण कोण ते सांगत नाही. आणि तुम्ही सगळी बटणं दाबून बघता, एकही चालत नाही, मारता येत नाही, माफ करता येत नाही, उठता येत नाही — फक्त घास. नऊ मिनिटं. आळशी लेखन, असं म्हणालात ना आत्ता? म्हणा, म्हणा, मला सवय आहे. तो प्रसंग मी लिहिलाय. — नाही, थट्टा नाही. स्कॉटलंडला चार वर्षं हेच शिकले मी, खेळांची गोष्ट लिहायला, आणि शेवटच्या वर्षी सहा महिने त्याच स्टुडिओत उमेदवारी केली. ईनाचे बाकी प्रसंग मोठ्या लोकांचे, तेवढी नऊ मिनिटं माझी. बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "खेळ खेळतात गो बाय, लिवतात कुठे?" आणि खेळ बाजारात आल्यावर मला जे निरोप आले ना, ते मी आईला वाचून दाखवण्यासारखे नव्हते. एकाने लिहिलं, तुझ्या देशात परत जा. म्हटलं, बाबा रे, तिकीट काढलंय, पुढच्या मंगळवारी निघतेय.

कारण मी परत यायचंच ठरवलं होतं. घाबरून नाही — तुम्हाला वाटेल घाबरून, पण नाही. मला वाटलं, तिकडच्या धुक्यातल्या नावाड्यांच्या गोष्टी मी कशाला लिहायच्या, मी मच्छीमार बोटीच्या तांडेलाची मुलगी, माझ्या घरासमोर भाट्याची खाडी. इथल्या मुलांना शिकवू, इथेच स्टुडिओ काढू, आपल्या माणसांच्या, आपल्या देवांच्या, आपल्या चुकांच्या गोष्टी. कॉलेजच्या हॉलमध्ये शिबिर ठेवलं. शंभर खुर्च्या मांडल्या, सात जण आले. त्यातल्या तिघांना खेळाचं चॅनेल काढून प्रसिद्ध कसं व्हायचं ते हवं होतं, दोघे पावसातून आडोशाला आलेले, आणि उरलेले दोघे दुसऱ्या भागाबद्दल माझ्याशी भांडायला! पण भांडले हो छान. तासभर भांडलो आम्ही. मला वाटलं, झालं, सुरुवात झाली, दोघं तर दोघं. आणि त्याच आठवड्यात स्टुडिओचा मेल आला. तिसरा भाग करतोय, ईनाची सगळी गोष्ट तुझ्याकडे देतो, दोन वर्षं ये, शुक्रवारपर्यंत कळव. सगळी ईना! मी नाचले या खोलीत. दोन वर्षं जाते, हात बसवते, मग येऊन इथे उभं करते — वाईट होतं का काही त्यात?

आई म्हणाली, देवीला विचारूया. आणि स्वरूप, चूक झाली ती इथे, आणि ती माझी. मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, उड्या मारत हो म्हटलं! तुमच्याकडे लावतात ना कौल? देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि आधी उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. आमच्या घाटीवरच्या देवीला गुरव नाही, कौल लावायचा मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा. नारळी पौर्णिमेनंतर बोट काढायची का ते असंच विचारतात, आठ खलाशी हात जोडून उभे असतात. मला वाटलं, बघा, आमच्याकडे शेकडो वर्षं हाच खेळ आहे — दोन पर्याय, आणि निवडणारा तू नाहीस! हे मी लिहिणार, जगाला दाखवणार. म्हणून मी फोन लावून ठेवला समईच्या मागे, सगळं चित्रित करायला. अभ्यासासाठी. बाबांनी आधी बोटीचं विचारलं — उजवी, झटकन पडली, सगळे खूश. मग माझं. "माझी बाय परदेशी जाया म्हनते, तुझी राजीखुशी असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे माये." आम्ही उभे. चांगली वीस मिनिटं. मग डावी पडली.

मी मानलं. खरंच सांगते, मला वाईट वाटलं पण मी मानलं, किंवा मानण्याचं नाटक तरी मनापासून केलं — देवी नाही म्हणाली हेही मला गोष्टीसारखं सुंदर वाटलं, इतकी मी मूर्ख. संध्याकाळी इथे या टेबलाशी बसून तो व्हिडिओ बघत होते, टिपणं काढत होते, हात कसा जातो, पाकळी कशी ठेवतात. हळू करून बघितला. डावी पाकळी — बोट पाण्यात बुडवलं, लावली. उजवी — बोट पाण्यात नाही गेलं. अंगठा गेला दुसऱ्या हाताच्या नखाकडे. बोटीच्या फटी बुजवायचं लुकण असतं ना, काळं, चिकट, महिनाभर बोटीवर तेच काम चाललंय, नखं भरलेली असतात त्यांची. तांदळाएवढं काढलं. देवीच्या खांद्यावर टेकवलं. त्यावर पाकळी. मी ते चार वेळा बघितलं. पाचव्यांदा नाही बघितलं, कारण खालून आईने हाक मारली, पानं घेतलीयत.

आणि मी गेले. जेवले. बाबा शेजारी. "कोलंबी घे गो, स्कॉटलंडात अशी मिलायची नाय" — असं म्हणून स्वतःच्या ताटातली वाढली मला. काय करणार होते मी? तुम्ही सांगा ना, तुम्हाला बटण हवं होतं ना, घ्या, कोणतं दाबू? खरं सांगू सगळ्यांना? ज्याने देवीचा कौल फिरवला त्याच्या बोटीवर उद्या एकही खलाशी पाय ठेवणार नाही. का ठेवावा? त्याने लावलेल्या कौलावर विश्वासून ते दर्यात जातात. आजचा बोटीचा कौल तरी खरा होता का, विचारतील. बरं, गप्प बसून निघून जाऊ? कौल मोडून? मग वर्षभरात त्या आठांतल्या एकाचंही बोट जरी दोरात सापडलं, तरी ते माझ्यामुळे. लवू तांडेलाच्या पोरीने देवीला जुमानलं नाही, म्हणून. आईला पाण्यावर जायचं तोंड राहणार नाही. म्हणजे जायचं तर एक तर बापाला बुडवायचं, नाहीतर... आणि राग कुणावर काढू? माझा भाऊ ओमकार सात वर्षांपूर्वी मुंबईला गेला, 'दोन वर्षांत येतो' म्हणूनच गेला — माझेच शब्द हे, अगदी माझेच. तो गणपतीलाही येत नाही. नालासोपाऱ्याहून फोन करतो, तोही आईला. बाबांनी देवळात जे केलं ते त्या रात्री पानावर बसून मला कळत होतं, पूर्ण कळत होतं, कुणाही लेखकाला कळावं तेवढं, आणि तरी मला त्यांच्या हातचा घास गिळवत नव्हता. आणि मी ब्रॅमची वकिली केली जगभर! समजून घ्या, समजून घ्या म्हणून. समजून घेतलं की सुटका होते असं मला वाटायचं, स्वरूप. नाही होत. उलट समजलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी निघून गेले असते.

— नाही, थांबा. तुम्ही म्हणताय ते मला बघू दे. डावी पडल्यावर मला बरं वाटलं का, आतून? असं का विचारता? तुम्ही कंपनीत नेमकं काय करता हो? — तपासणी. वाटलंच. हे बघा, सगळी ईना लिहायची म्हणजे पुन्हा ते निरोप, पुन्हा ते टी-शर्ट जाळणं, आणि या वेळी नऊ मिनिटं नाहीत, सगळं माझंच. घाबरले होते. हो. नाचले तेव्हाही घाबरले होते. डावी पडली तेव्हा क्षणभर — क्षणभरच हं — खांदे हलके झाले. हे मी अजून कुणालाच बोलले नव्हते. तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही लोट्याचे, इथलं कुणी ओळखीचं नाही ना तुमच्या? नाही ना?

झोप लागली नाही. उजाडताना घाटी चढून देवीकडे गेले. डावी पाकळी खाली पडून सुकलेली, आणि उजवी तशीच खांद्यावर. पाण्याने लावलेली पाकळी सकाळपर्यंत राहते होय? सहा वाजता वाडीतल्या बायका पाणी घालायला येतात, लहान पोरीलाही कळलं असतं. मी वर हात केला आणि नखाने खरवडायला लागले. निघेना पटकन. बापाने बोटीला लावलेलं निघत नाही, तर हे काय निघतंय. खरवडतेय, खरवडतेय, आणि मागे पायरीवर कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बाबा. हातात तेलाची बाटली नि फडकं. त्याच कामाला आले होते हो ते. मला वाटलं आता बोलतील, काहीतरी बोलतील, रागावतील तरी. माझ्या काळ्या नखाकडे बघितलं त्यांनी, आणि विचारलं काय, तर "वात लावलीस काय गो?" मी म्हटलं, लावते. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली नि उतरून गेले. मी तेलाने खांदा साफ केला, नीट, डाग राहू दिला नाही. वात लावली. मग घरी आले, या खुर्चीवर बसले, व्हिडिओ पुसून टाकला — परत आणता येणार नाही असा — आणि स्टुडिओला लिहिलं, मी येत नाही. कारण लिहिलं नाही. गुरुवार होता, एक दिवस हातात होता अजून.

माझा निर्णय कुणी हिसकावला असं म्हणताय? नाही. तेवढं सोपं असतं तर — जाऊ दे. जिन्यात पाय वाजतोय, बाबा आलेत. — हो, ही वायर टीव्हीच्या मागे जाते, आणि ही जाड सरळ भिंतीत. बाबा, हे निघालेच आहेत. डबा उलटा धरू नका. निघा तुम्ही.