एकोणीस दिवसांची टाकी

(ग्रीसमधलं बंदराचं गाव पेरामा. गोदीच्या फाटकासमोरची पोलीक्सेनीची सिगारेट-वर्तमानपत्रांची टपरी. काउंटरवर बोटाच्या पेराएवढी स्टीलची टाकी : व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बसवायची, आत तार वळून लिक्विड शोषणारा कापूस आपणच भरायचा. ती बनवणारा लेथवाला थ्रासोस समोर फोन नाचवत उभा; फोनवर पोलीक्सेनीनं या टाकीबद्दल नेटवर लिहिलेला अभिप्राय.)

थ्रासोस : ‘गळकी आहे, घेऊ नका.’ झालं? एवढंच? चार महिने मान मोडून केलेल्या टाकीची तुम्ही एका ओळीत वाट लावलीत, मावशी!

पोलीक्सेनी : ओढ घट्ट, अगदी सिगारेटसारखी, चव फर्स्टक्लास, असंही लिहिलंय. ते नाही वाचलंस?

थ्रासोस : ‘गळकी’ म्हटल्यावर पुढं कोण वाचतंय!

पोलीक्सेनी : मग काय, गळत असताना गळत नाही म्हणून लिहू? तीन दिवस वापरली. तिन्ही दिवस पर्समध्ये चिकटा. रुमाल, किल्ली, नातीचा फोटो, सगळं ओलंचिप्प.

थ्रासोस : माझ्याकडं एक थेंब गळत नाही.

पोलीक्सेनी : मग माझ्या पर्समध्ये काय चर्चमधलं तीर्थ सांडलं?

थ्रासोस : आणा ती इकडं. उघडतो तुमच्यासमोर... हे बघा! हा कापूस कुणी भरला?

पोलीक्सेनी : मी. सहा वर्षांत दीडदोनशे टाक्या तपासल्यात, बाळा. कापूस भरायला तू शिकवू नकोस मला.

थ्रासोस : दोन्ही टोकं आखूड कापलीत! या फटींपर्यंत कापूस पोचलाच नाही. फट उघडी राहिली की लिक्विड खाली येणारच. नवशिकेसुद्धा असं करत नाहीत हो!

पोलीक्सेनी : आवाज खाली. गिऱ्हाईक उभं राहतं इथं.

थ्रासोस : बरं. तळाशी कोरलेला नंबर काय आहे, सांगा.

पोलीक्सेनी : नंबराचं काय मध्येच?

थ्रासोस : वाचा ना.

पोलीक्सेनी : ...चार.

थ्रासोस : मावशी, तिथं काहीच कोरलेलं नाही.

पोलीक्सेनी : माझी परीक्षा घेतोस? तुझ्या आईच्या वयाच्या बाईची? लाज नाही वाटत?

थ्रासोस : तुम्हाला वाटली का, न दिसता लिहिताना?

पोलीक्सेनी : हळू बोल रे! मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. वर्षभर चाचपूनच भरते. मोठ्या टाक्यांना चालून जातं. हे कळलं तर माझं लिहिलेलं कोण वाचेल, सांग.

थ्रासोस : आणि तुमचं वाचून माझ्या बापाचं काय झालं, ते सांगू? ही टाकी मी त्यांच्यासाठी बनवली. चौदाव्या वर्षापासून सिगारेट ओढणारा माणूस, जिना चढताना दोनदा खाली बसतो. एकोणीस दिवस, मावशी! एकोणीस दिवस एकही पेटवली नव्हती. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, तुमच्यावर आहे. परवा तुमचं वाचलं, ‘पोलीक्सेनी म्हणते भंगार आहे’ म्हणाले आणि दिली टाकून ड्रॉवरमध्ये.

पोलीक्सेनी : त्याची गळत होती?

थ्रासोस : थेंबसुद्धा नाही! आणि मग उठून कुठं गेले?

पोलीक्सेनी : इथं आला होता.

थ्रासोस : आणि तुम्ही पाकीट काढून दिलंत.

पोलीक्सेनी : दिलं. तीस वर्षं देतेय. ‘नेहमीचं’ म्हणाला आणि हात आपोआप मागं गेला. एवढे दिवस फिरकला नाही, मला वाटलं रुसला असेल कशावरून तरी. सोडलीय हे मला कोण सांगणार? पानायियाची, मेरीमातेची शपथ, माहीत असतं तर दिलं नसतं.

थ्रासोस : आता शपथा घेऊन काय उपयोग!

पोलीक्सेनी : थांब, आता तू उत्तर दे. त्याच्या टाकीत कापूस कोण भरतं?

थ्रासोस : मी. दर रविवारी.

पोलीक्सेनी : का? त्याचे हात मोडलेत?

थ्रासोस : स्क्रू बारीक आहेत. त्यांना नीट दिसत नाहीत.

पोलीक्सेनी : अस्सं! अडुसष्ट वर्षांचा वेल्डर, जन्मभर ठिणग्या बघून डोळे गेलेले, आणि त्याच्यासाठी तिळाएवढे स्क्रू! दोन तारखेला तू सहा महिने सिरोस बेटावरच्या गोदीत निघालास ना? मग रविवारी कोण येणार भरायला, पाद्री?

थ्रासोस : हा विचार नव्हता केला मी. मोठे स्क्रू बसवता येतील.

पोलीक्सेनी : म्हणजे तू गेल्यावर त्याचीही गळणारच होती.

थ्रासोस : मग तसं लिहायचं होतं ना! ‘मला दिसत नाही म्हणून भरताना चुकले, म्हाताऱ्यांना जड जाईल.’ ‘घेऊ नका’ काय!

पोलीक्सेनी : तसं लिहिलं की सगळ्या पेरामाला कळेल.

थ्रासोस : कळू दे! तुमचं नाव मोठं की त्यांची छाती?

पोलीक्सेनी : गप्प बस. आलाच बघ तुझा बाप.

मानूसोस : काय रे थ्रासोस, कामधंदा नाही का तुला? पोलीक्सेनी, नेहमीचं दे.

पोलीक्सेनी : नाहीये.

मानूसोस : नाही कसं? तुझ्या डोक्यामागं रांगेनं लावलीयेत की.

पोलीक्सेनी : मला दिसत नाहीत.

मानूसोस : सकाळी सकाळी थट्टा करतेस?

पोलीक्सेनी : मोतीबिंदू झालाय मला. वर्ष झालं, कुणाला बोलले नाही. तुझ्या मुलाची टाकी गळकी नाही, मानूसोस. कापूस मी चुकीचा भरला, आणि लिहिलं तेही चूक. आज तसं लिहिणार आहे, माझ्या नावानं.

मानूसोस : बरं, लिही. पण पाकीट?

पोलीक्सेनी : माझ्याकडून नाही मिळणार. घरी जा, ड्रॉवरमधली टाकी घेऊन ये. हा जायच्या आत आपल्या दोघांना कापूस भरायला शिकवणार आहे. आणि तुझा चष्माही आण, मला लागतो का बघू.