मी चाललेली पावलं

आमचं मूळ विचारलंत तर आमी इथलेच, बेंगळूरचेच, आजोबांचे आजोबा कधीतरी सैन्याबरोबर आले आणि राहिले म्हणतात, घरात मराठी नि दाराबाहेर कानडी असंच वाढलो. लग्न करून मल्लेश्वरमात आले तेव्हा हे एका फॅक्टरीत प्रेस मशीनवर होते. पत्रा खाली ठेवायचा, पायानं पट्टी दाबायची, वरून साचा धाडकन येतो, हात वेळेवर काढायचा. असलं काम.

मुलगी झाली त्यानंतर यांचं अंग सुटलं, मान जाड झाली, आणि घोरणं तर काय सांगू तुमाला, शेजारची अक्का भिंतीवर थापा मारायची. पण घोरण्याचं काही नाई हो, मधेच ते बंद व्हायचं त्याची भीती. श्वासच नाई. मग एकदम बुडणारा माणूस वर यावा तसे धडपडून उठायचे. आणि दिवसा बसतील तिथं झोप, जेवताना झोप, एकदा तर हातात घास तसाच आणि डोळे मिटलेले. फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, हा आळशी आहे, याला काढा. बारा वर्षं एक खाडा नाई केलेला माणूस, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

फॅक्टरीचे डॉक्टर तरुण होते, परदेशात शिकून आलेले. त्यांनी यांच्या कमरेला खिशातल्या घड्याळासारखं एक यंत्र लावलं, पाऊल टाकलं की आत काटा सरकतो. आठ दिवस लाव म्हणाले, किती चालतोस ते मला बघायचंय. कशाला बघायचंय ते यांनी विचारलं नाई. साहेबासमोर तोंड उघडायची सवय नव्हती यांना. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, माझा आळस मोजतायत.

मग मी काय करणार, तुमीच सांगा. पहिली पाळी करून हे दुपारी यायचे आणि आल्याबरोबर झोपायचे, काटा जागच्या जागी. दुसऱ्याच दिवशी मी ते यंत्र हळूच काढलं आणि माझ्या कमरेला खोचलं. नळावर गेले, बाजारात गेले, देवळाच्या पायऱ्या चढले उतरले, चढले उतरले, पुजारी विचारतो काय नवस केलाय अक्का, मी म्हटलं स्वल्प, म्हणजे जरा, मोठाच आहे. पोटऱ्या भरून यायच्या. हे उठायच्या आत परत यांना लावून ठेवायची. उरलेले सात दिवस.

डॉक्टरांनी काटा बघितला, म्हणाले सरी, ठीक आहे, तू तर भरपूर चालतोस, आणि परत मशीनवर धाडलं. मी त्या दिवशी पायसम केलं हो.

तीन आठवड्यांनी मशीनवर यांचा डोळा लागला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर माझ्याजवळ आले, म्हणाले अम्मा, मला वाटलं होतं झोपेत याचा श्वास अडकतो म्हणून याच्या अंगात त्राण नाई, पण माझ्या नुसत्या बोलण्यावर वरचे मानणार नाईत, आकडा कमी आला असता तर तोच दाखवून मी याला मशीनवरून काढून दुसऱ्या कामावर लावणार होतो. मी म्हटलं डॉक्टर, ती पावलं माझी. ते बाकावर बसले माझ्या शेजारी.

यांना मी महिन्याभरानं सांगितलं. पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होते. सरी, बिडू, म्हणाले, जाऊ दे. पुन्हा कधी तो विषय नाई काढला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता मी दोन घरचा स्वयंपाक करते, हे घरी असतात. दुपारी झोपले की मी उशाशी बसून भाजी निवडते, कान तिकडेच, घोरणं थांबलं की खांदा हलवायचा, हे परत श्वास घेतात, मी परत निवडायला लागते. मी कामावर असते तेव्हा मुलगी बसते. तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाई. तुमी लिहिताय तर लिहा, तिला वाचता येतं. देव तुमच्या घरच्यांना नीट झोप देवो, एवढंच मागते.