सायलीने वर धरलेलं कार्ड

मंडळी, बसा. कुंदाबाईंवर तुमचं प्रेम होतं म्हणून तुम्ही या शोकसभेला आलात. मला बोलायला सांगितलंय. बोलणं जड जातंय, पण गोड बोलणं त्याहून जड जाईल, म्हणून आधीच माफी मागते.

मी सायलीची आई. सायली अकरा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. याच शाळेतून तिला दुसरीत काढलं, इतर मुलांना त्रास होतो म्हणून. स्टाफरूममध्ये तिच्यासाठी एकट्या बाई भांडल्या. रिटायर झाल्यावर उलव्याच्या आपल्या फ्लॅटमधून कॉम्प्युटरवर तिला शिकवायला लागल्या, रोज चार ते पाच. मुख्याध्यापक सर, तुम्ही आत्ता बाईंना शाळेचा अभिमान म्हणालात. तेव्हा काय म्हणाला होतात? "त्यापेक्षा भिंतीला शिकवा." हार मात्र मोठा आणलात. छान आहे.

पण सरांचं राहू द्या. आज माझी पाळी आहे.

सायली बोलत नाही, कार्ड दाखवते. पाणी. पुरे. मदत. आणि बाईंचा एक नियम होता. "वर्ग चालू असताना ती कार्ड घेऊन तुमच्याकडे आली, तर पाठ फिरवायची. तिला माझ्याकडे पाठवायचं. आईने सगळं हातात दिलं, तर ही जगाकडे कधी मागणार?" बाई कधी कधी मुद्दाम गप्प बसायच्या, ती मागेपर्यंत. सहा महिने झाले, 'मदत'चं कार्ड तिने आपणहून एकदाही उचललं नव्हतं.

त्या दिवशी उचललं.

मी स्वयंपाकघरात होते. कार्ड घेऊन आली. मला इतका आनंद झाला! मी पाठ फिरवली. म्हटलं, "बाईंना दाखव." गेली. परत आली. पुन्हा पाठ. तिसऱ्यांदा तिने माझी ओढणी ओढली. सासूबाई म्हणाल्या, "आगो, पोर काय सांगते ती बग तरी!" मी म्हटलं, "आई, बाईंचा नियम आहे." आणि मी शिरा करायला घेतला. पोरगी मदत मागायला शिकली म्हणून शिरा!

पाचला आत गेले. सायली स्क्रीनपुढे कार्ड धरून उभी होती. स्क्रीनवर रिकामी खुर्ची. वाटलं, नेट अडकलं. पण स्क्रीनवर बाईंच्या खोलीतला पंखा फिरत होता. मी बाईंना फोन लावला. तो आमच्याच कॉम्प्युटरमधून वाजताना ऐकू आला.

आमचे हे न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांच्या गर्दीतून बाईक काढत बाईंकडे गेले. वॉचमनने कुलूप तोडलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

तासभर आधी काय चाललं होतं, ते सांगितलं तुम्हाला. बाई कोसळताना पाहणारं एकच माणूस होतं. तिने बाईंनी शिकवलं तेच केलं, अगदी बरोबर केलं. शहाणी माणसं घरात होती ना, त्यांनी पाठ फिरवली. "स्वतःला दोष देऊ नकोस," असं तुमच्यातले चौघे जण मला सांगून गेले. मग कोणाला देऊ? बाईंना? बाईंवर मला राग आहे, हो, फार राग आहे. एवढा कडक नियम करून ठेवला आणि तो कधी मोडायचा ते सांगितलंच नाही. आणि बाईंसारखं माणूस मला पुन्हा मिळणार नाही, हेही मला कळतं.

सायली बाहेर पायरीवर आहे. ती आवाज करते म्हणून कोणीतरी तिला तिथे बसवलंय. मी तिला आत आणते आहे. रोज चारला ती स्क्रीनपुढे ते कार्ड धरते, आज बाईंच्या फोटोपुढे धरेल. तिला गप्प करू नका. कार्ड काढून घेऊ नका. जवळही येऊ नका.

बाई, तुमची विद्यार्थिनी पास झाली. नमस्कार करते.

आता दोन मिनिटं स्तब्धता आहे ना, सर? मग उठा सगळे. ती मदत मागेल, आणि आपण हलायचं नाही. गॅसपुढे मी उभी होते, तसंच उभं राहायचं.