ऑर्किडची तहान

– माती? नाही गं, माती घातलीस की मेलंच म्हणून समज! झाडाची साल, थोडा कोळसा, बस्स. आणि ही बाहेर लोंबणारी मुळं कापायची नाहीत, हवा खातात ती – पांढुरकी पडली की तहान लागली, हिरवी असली की हात आखडता घ्यायचा. नवशिके इथेच फसतात, जीव लावतात आणि पाणी ओतत सुटतात, मग कुजतं सगळं. कुंडी टबात बुडवायची, जरा वेळानं काढून निथळू द्यायची. आज मीच बुडवून काढल्यात, आठवडाभर तुला बघायला नको.

तो आवाज होय? आमचे हे. चमचा वाटीवर आपटतात, पाणी हवंय – नको, बस तू, देता येत नाही गं. मूत्रपिंडं गेलीत, जास्त झालं की पाणी छातीत भरतं. दिवसाचं मोजून दिलेलं सकाळीच संपवतात. उभ्या जन्मात ज्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, ते घोटभर पाण्यासाठी हात जोडतात, आणि मी नाही म्हणते. नाही म्हणायचं आणि इकडे या महाराण्यांना न्हाऊ घालायचं!

म्हणून ही झाडं तुला देतेय का? छे, जागा होत नाही, डोळ्यांना दिसत नाही – जाऊ दे, खोटं कशाला बोलू. मागे टब तसाच राहिला, त्यांच्या खोलीलगतच्या बाथरूममध्ये. भिंत धरत धरत गेले आणि ओंजळीनं प्यायले, खताचं पाणी. हनुवटीला सालीचा चुरा, आणि हसत होते गं! इतकं खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ओढून काढलं तर लहान मुलासारखे रडले. कसेबसे वाचले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही.

तर फुलं गळली तरी दांडा लगेच कापू नकोस, त्यालाच पुन्हा – थांब. चमचा थांबला. झोप लागली असेल... तू बेल वाजवलीस तेव्हा मी कुंड्या काढतच होते, नाही का? कुंड्या घेऊन बाहेर आले, आणि टब – अगं, टब मी ओतला का?

ऐकू येतंय तुला? पाण्याचा आवाज.

नाही, उठू नकोस. मीही नाही उठत. कोणी ओढायचं त्यांना पुन्हा? मी? नाही होणार गं माझ्यानं.

त्या कुंड्या घे आणि जा तू. आणि दार हळू लाव.