मास्तरांकडची स्वतंत्र खोली

बारा दिवसांच्या पायपिटीनं शिंपीणबाईच्या टाचांना फोड आले होते. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी यात्रा करून परतणाऱ्या दोन जावा बसल्या होत्या.

"पुलाजवळच्या मास्तरांनी केलं, तेवढं सख्ख्या भावानंही केलं नसतं गं."

"खरंच ताई. पाय शेकायला गरम पाणी, कोऱ्या चादरी, वर स्वतंत्र खोली!"

"त्यांच्या आईची होती म्हणे. मला वाटलं, गेल्या असतील बिचाऱ्या."

"गेल्या कसल्या! मागं सरपणाच्या खोलीत होत्या. मी तोंड धुवायला गेले, तर खिडकीतून विचारतात, 'पाय फार दुखतात का गं?'"

"अगंबाई! मग?"

"मास्तर म्हणाले, लक्ष देऊ नका, यात्रेचे चार महिने तिला तिथंच बरं वाटतं."

"बाकी माणूस अगदी देव."

"देवच!"

थोरली जाऊ शिंपीणबाईकडे वळली. "तुम्ही तिकडंच निघालात ना? पत्ता देऊ त्यांचा?"

"नको. माहेर आहे माझं ते. दादा फोनवर सांगतो, आई मजेत आहे."

नर्सनं हाक मारली, तेव्हा शिंपीणबाई फोडांवरच चपला चढवून रस्त्याला लागली होती.