पाणी खाली बसते

...अन् पाणीच निघालं ना राजेहो! पेट्रोलच्या टाकीतून पाणी! म्हणजे तुमाले सांगतो, विहिरीतून निघावं, नळातून निघावं, ते माह्या व्हॅनच्या टाकीतून निघालं, अन् तेही कोणत्या दिवशी? मागच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी! पवनारच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेले तानबा मिस्त्री उकिडवा बसलेला, हातात बाटली, वर पेट्रोल, खाली पाणी, अन् मधात रेघ कशी? पट्टीनं ओढल्यासारखी! ती बाटली माह्या डोळ्यापुढे धरते अन् आपलं शांतपणे म्हणते, "पाहा भाऊ. पाणी खाली बसते." अबे, बसते तर बसू दे! मी उन्हात उभा हावो ना!

आता मी कायले एवढा तणतणलो, ते सांगतो. आपलं बोरगाव मेघेले दुकान हाये. बैलाचा साज. झुली, बाशिंगं, घुंगरं, बेगड, दोर. चवथीतून शाळा सुटली, पण धंदा मले कोणी शिकवला नाई, डोळ्यानं शिकलो. पाहून राह्यलो होतो ना, दरवर्षी खरे बैल घटून राह्यले. घरोघरी ट्रॅक्टर. लोक रडले, "ताराचंदभाऊ, आता साज कोणाले विकसान?" मी म्हणलं, ज्याच्या गोठ्यात बैल नाई, त्याले पोराच्या हातात तरी पाह्यजेच. अन् लाकडाचे बैल ठेवले! चाकावरचे, दोरीनं ओढाचे, टीचभरापासून पार कमरेएवढे. तान्ह्या पोळ्याले, पोट्टे हे बैल मिरवते तेव्हा, सिंदी रेल्वे गावाले काय गर्दी राह्यते, तुमाले ठाऊकच हाये. पण या मालाची एक खोड हाये. दुपारपर्यंत लोक हातातून हिसकून नेते, अन् पोळा फुटला, पोट्टे घरी गेले का त्याच बैलाकडे कुत्रं पाहत नाई. संध्याकाळी तो बैल नाई, सरपण हाये सरपण! वर्षभराचा माझा सारा खेळ त्या एका दुपारचा. अन् त्या दुपारी, गाडीभर बैल घेऊन, मी पवनारच्या पुलावर! सांगा, माहं काय चुकलं?

गाडीचंही सांगतो, नाईतर तुमी म्हणसान, ताराचंद मधातलं गिळते. ही व्हॅन मी घेतली बैलजोडी विकून. साज विकणारा मी, अन् घरची जोडी बसून खाये. चांद्या अन् मोऱ्या. दोघंही म्हातारे, मोऱ्याले तर दिसेच नाई. एका माणसानं नेली बाजारातून. कायले नेली ते मी विचारलं नाई, त्यानंही सांगितलं नाई. धंद्यात एवढं सभ्य राहावंच लागते. पण आमची धुरपता आत्या! माह्या बापाची थोरली बहीण, ऐंशीच्या वर वय, नवरा गेल्यापासून आमच्याच घरी. तिनं ते बैल गोऱ्हे असतानापासून हातानं चारले होते. तीन दिवस जेवली नाई बुढी. दाव्याची दोरी मांडीवर घेऊन गोठ्यात बसून राहे.

चवथ्या दिवशी मी व्हॅन दारात उभी केली. सारी गल्ली जमा. आत्या बाहेर आली, गाडीभोवती चक्कर मारली, अन् विचारते, "ताराचंद, हा काय खाते रे?" अशी संधी मी सोडतो काय? हात धरून बुढीले मागच्या बाजूले नेलं. टाकीचं झाकण, कुलूप मोडकं, बोटानंच उघडे. उघडून म्हणलं, "हे पाह्य आत्या, हे याचं तोंड! इथूनच पेते. तुहा चांद्याच हाये हा, नवा जन्म घेऊन आला!" गल्ली अशी हासली, अशी हासली... माही बायको छाया तर पदर तोंडात कोंबून. आत्या नाई हासली. वाकून त्या भोकात पाहत राह्यली. अन् हळूच आवाज दिला, "चांद्या?" लोक पुन्हा हासले! गंमत केली हो मी. घरात हासणं-खेळणं पाह्यजे का नाई? माहं काय चुकलं?

हां, तर तान्हा पोळा. सकाळी बैल भरले. बोनटवर हळद फासलेली, अन् समोरच्या जाळीत अर्धी पुरणपोळी अडकलेली. मी म्हणलं, आत्यानं काल पोळ्याची पूजा केली असन, करू दे. घाईत होतो. वाटेत पंपावर गेलो. तिथं पेट्रोल टाकाले कवडू. तुमी पाह्यला असन, वाळका माणूस, बोलणं एवढं हळू का वाक्य संपेपर्यंत टाकी भरून वाहे. "भाऊ... झिरो... पाहून... घ्या." अबे, टाक ना लवकर! टाकलं. निघालो. पुलापाशी आलो नाई तं गाडी, ठ्यॅक! ठ्यॅक! ठ्यॅक! दम्याच्या बुढ्यावाणी खोकली, एक हिसका देल्ला, अन् खलास.

मंग आले सल्लेवाले. एक म्हणते, "धक्का मारून पाहा." मारला. दुसरा म्हणते, "बैल तर आतच हाये शेट, जुंपा ना!" खी खी खी. त्याची आठवण ठेवली मी, पुढं त्याच्या पोराच्या लग्नात घुंगरं मागाले आला होता, नाई देल्ले. शेवटी तानबा आला, टाकीखालची नळी काढली, अन् ते सुरुवातीलेच सांगितलं ते... बाटली, रेघ, "पाणी खाली बसते."

आता तुमीच सांगा, घरून गाडी चालत आली, पंपावर पेट्रोल टाकलं, अन् दहा मिनिटांत बंद. दोष कोणाचा? एखादं शेंबडं पोरगंही सांगन! बाटली घेतली, तानबाच्याच गाडीवर मागं बसलो, अन् गेलो पंपावर. अन् तुमाले खरं सांगतो, असं बोललो, असं बोललो का मले स्वतःलेच मजा येऊन राह्यली होती. गर्दी जमली, पोट्ट्यायनं फोन काढले. फोन दिसल्यावर तर माह्या आवाजाले धारच आली! "शेतकऱ्याच्या लेकराचे बैल अडकवले तुमी! हे पेट्रोल हाये का विहिरीचं पाणी?" मॅनेजर धावत आला. लांब पट्टी, तिच्या टोकाले मलम फासलं, पंपाच्या टाकीत सोडली. म्हणते, "पाणी असन तं रंग बदलन साहेब." नाई बदलला. मी म्हणलं, मलमच नकली हाये! लोकायनं टाळ्या पिटल्या! अन् गंमत पाहा, तोपर्यंत ज्यायच्या गाड्या मस्त चालून राह्यल्या होत्या, त्यायलेही आठवलं, "हाव ना, माही पण परवा खोकलीच होती."

कवडू आपला हात जोडून. "भाऊ... मी... कायले पाणी..." मी म्हणलं, पाणी नाई म्हणतं ना? बाटली त्याच्या हातात देल्ली. "मंग पे! पेट्रोलच हाये तर वास घे, पाणी हाये तर पे! खालचं पे!" तो मॅनेजरकडे पाहे, मॅनेजर गर्दी पाहून आलेल्या मालकाकडे, मालक फोनायकडे. मंग पेला बिचारा. वरचं ओतून, खालचं, एक घोट. तोंड असं झालं त्याचं... अन् पाहून राह्यला माह्याकडे. थुंकला अन् म्हणते, "पाणीच... हाये... भाऊ." झालं! त्याच्याच तोंडानं कबूल! मालकानं तिथंच त्याचा निळा शर्ट उतरवून घेतला, सणासुदीच्या दिवशी, बनियनवर घरी पाठवला. आता नोकरीवरून काढा असं मी म्हणलं होतं काय? नाई म्हणलं. म्हणजे दोनदाच म्हणलं. माहं काय चुकलं?

टाकी धुवून, नळ्या फुंकून सिंदीले पोचलो तं पोळा फुटलेला. पोट्टे आपापले बैल ओढत घराकडे. एक बाप थांबला, माह्या कमरेएवढ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला, "काय बैल हाये भाऊ! पुढच्या वर्षी येजा." पुढच्या वर्षी! सारे बैल जसेच्या तसे घरी आणले.

दारात आत्या. हातात ताट. गाडीले ओवाळते, अन् गाडीलेच विचारते, "दमला काय रे चांद्या? काल तर पोटभर पाणी पेलता." मी म्हणलं, काय? "अरे, पोळी खाल्ल्यावर बैलाले पाणी नाई पाजावं काय? दोन तांबे पेला. तूच तर दाखवलं ना तोंड. गटगट गटगट पेला रे, तसाच आवाज करे चांद्या माहा..." अन् बुढी हासली. जोडी विकल्यापासून पहिल्यांदा हासली. छाया माह्याकडे पाहे, मी ताटातल्या दिव्याकडे.

आता म्हणसान, पंपावर जाऊन सांगाचं होतं, का तळाचं पाणी घरचंच होतं, पंपाच्या पेट्रोलनं फक्त ढवळलं. कसं सांगू? तोपर्यंत माहा व्हिडिओ पार हिंगणघाटपर्यंत गेलता! दुसऱ्याच दिवशी "ग्राहकायचा वाघ" म्हणून शाल-नारळ झाला, भाषण झालं. शाल अंगावर असताना खरं बोलता येते काय?

अन् आठव्या दिवशी कवडू आला. दारात उभा. मी दुकानात, घरी आत्या. तिनं बसवलं, चहा पाजला, अन् काय सांगितलं असन? चांद्याची कहाणी! तोंडापासून तांब्यापर्यंत, सारी! मी आलो तं कवडू कप धुवून पालथा घालून राह्यला होता. मले वाटलं, आता हा बोंबलते. तो म्हणते, "भाऊ... ड्रायव्हर... लागते... काय?" एवढंच. पंपावाले कोणी त्याले ठेवे ना, "पाणीवाला कवडू" नाव पडलेलं, तेही माह्याच व्हिडिओनं. मी म्हणलं, लागते बाप्पा. उद्यापासून येजो.

झाकणाले नवं कुलूप लावलं. पण चाबी ड्रायव्हरजवळच राहीन ना! अन् यंदाचा पोळा आला. गल्ली जमलेली. आत्यानं हळद लावली, पोळी चारली, तांब्या घेतला. मी पुढं झालो तं कवडूनं चाबी काढली, झाकण उघडलं, अन् साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं, पहिल्यांदाच मोठ्यानं विचारते, "भाऊ, पाजू ना चांद्याले? का पाणी पाजलं तं गाडीले काही होते?"

सारे माह्याकडे. तेच लोक, पंपावरच्यासारखेच फोन. होते म्हणावं तं मागच्या वर्षीचं पाणी कोणाचं? मी म्हणलं, "पाज ना. सणाचा दिवस हाये." गटगट. यंदा तीन तांबे.

मंग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी फटफटताच मी एकटा टाकीपाशी. तानबाले बोलावता येईना, तो गावभर सांगन. टाकीत नळी सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. अन् आलं तोंडात... ती चव सांगू शकत नाई राजेहो, जीभ संध्याकाळपर्यंत माही नव्हती. वर पाहतो तं कवडू. आंघोळ करून, कपाळाले गंध लावून, दाराशी टेकून उभा. गाडीत यंदाचे बैल, मागच्या वर्षीचेही. सिंदी दूर, ऊन चढून राह्यलं.

"नळी अजून आत घाला भाऊ," तो म्हणते. "पाणी... खाली... बसते."

घातली. ओढून राह्यलो. काय करता?